मुक्तस्रोत संगणकप्रणालीचे सुलभीकरण : लिनक्सच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

मुक्तस्रोत चळवळीने संगणक वापरणाऱ्याला आज्ञावली वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना देण्याचा अधिकार मिळवून दिला. तथापि हा अधिकार प्रारंभी प्रत्यक्षात संगणकतज्ज्ञांपुरताच मर्यादित राहिला. लिनक्स ही प्रणाली सामान्य माणसाला वापरता यावी यासाठी १९९६ पासून जे प्रयत्न झाले, त्यांचा कालानुक्रमे आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे. सुलभता ही केवळ पडद्यावरील चित्रांची बाब नसून वापरकर्त्याचे निरीक्षण, भाषा, प्रशिक्षण आणि संस्थांचे सातत्य यांतून ती घडते, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मुक्तस्रोत, लिनक्स, सुलभीकरण, वापरकर्ता, स्थानिकीकरण, देवनागरी.

प्रास्ताविक

संगणकाच्या इतिहासाचे लेखन बहुधा यंत्रांचा वाढता वेग, कंपन्यांमधील स्पर्धा आणि संशोधकांची चरित्रे यांभोवती फिरते. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप झाला तो सामान्य वापरकर्ता या इतिहासात ग्राहक म्हणून केवळ आकड्यांतून भेटतो. मुक्तस्रोत चळवळीच्या इतिहासाबाबतही हेच म्हणता येते. या चळवळीचे तत्त्वज्ञान, तिचे परवाने आणि प्रस्थापित कंपन्यांशी झालेला तिचा संघर्ष यांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु ज्या कारकुनाला पत्र टंकलिखित करावयाचे आहे, ज्या शिक्षकाला गुणपत्रक तयार करावयाचे आहे, त्याला ही प्रणाली वापरता यावी म्हणून कोणी काय केले, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. जो अधिकार बजावता येत नाही तो अधिकार कागदावरच राहतो, हा सामाजिक इतिहासातील अनुभव संगणकालाही लागू पडतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) लिनक्सच्या सुलभीकरणाचे प्रमुख टप्पे कालानुक्रमे नोंदविणे.
२) सुलभता आणि स्वातंत्र्य या दोन मूल्यांमधील तणावाचे स्वरूप तपासणे.
३) देवनागरी व मराठीच्या संदर्भात सुलभीकरणाचा विचार करणे.
४) सुलभता टिकविण्यात संस्थांच्या भूमिकेचे मूल्यमापन करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यास मुख्यत्वे मेजावरील संगणकापुरता मर्यादित असून सर्व्हर म्हणजे सेवा पुरविणारे मोठे संगणक यांचा त्यात समावेश नाही. भ्रमणध्वनीचा विचार आवश्यक तेवढाच केला आहे.

१. परवान्याने दिलेला अधिकार (१९८३ ते १९९५)

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. संपूर्णपणे मुक्त अशी संगणकप्रणाली निर्माण करणे हे त्याचे ध्येय होते. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना झाली आणि १९८९ मध्ये ग्नू सार्वजनिक परवान्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. या प्रकल्पातून अनेक उपयुक्त साधने तयार झाली, मात्र प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल अपूर्णच होता. ती उणीव १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्डस या विद्यार्थ्याने लिहिलेल्या लिनक्सने भरून काढली. १९९२ मध्ये लिनक्सने ग्नू परवाना स्वीकारला. १९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि डेबियन या वितरणांचा प्रारंभ झाला. वितरण म्हणजे गाभा, साधने आणि इतर आज्ञावली यांचा एकत्र बांधलेला संच होय.

या काळातील लिनक्स स्थापित करणे हे तज्ज्ञाचेच काम होते. कठीण चकतीचे विभाग वापरकर्त्याला स्वतः पाडावे लागत आणि त्यात चूक झाल्यास आधीची सर्व माहिती नष्ट होण्याचा धोका असे. पडद्यावर चित्रमय खिडक्या आणण्यासाठी मॉनिटरच्या आडव्या व उभ्या वारंवारितेचे आकडे एका धारिकेत हाताने लिहावे लागत. चुकीच्या आकड्यांमुळे जुन्या मॉनिटरला इजा पोहोचू शकते, अशी सूचना मार्गदर्शक पुस्तिकांमध्येच दिलेली असे. ज्यांनी ही प्रणाली घडविली तेच तिचे वापरकर्ते होते, त्यामुळे त्यांना यात काही वावगे वाटत नव्हते. किंबहुना अडचणींतून मार्ग काढणे ही त्या समुदायात प्रतिष्ठेची बाब होती. परवान्याने दिलेला अधिकार सर्वांना समान होता, परंतु तो बजावण्याची पात्रता मोजक्यांकडेच होती.

२. चित्रमय पडदा : केडीई आणि ग्नोम (१९९६ ते २०००)

या परिस्थितीला पहिला महत्त्वाचा छेद १९९६ मध्ये गेला. जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठाचे विद्यार्थी मथियास एट्रिख यांनी १४ ऑक्टोबर १९९६ रोजी केडीई प्रकल्पाची घोषणा केली. लिनक्सवरील प्रत्येक आज्ञावलीचे रूप वेगळे, कळी वेगळ्या आणि वर्तनही वेगळे असल्याने सामान्य वापरकर्ता गोंधळतो, हे त्यांनी ओळखले होते. एकसारखे रूप आणि एकसारखे वर्तन असलेला संपूर्ण चित्रमय पडदा देणे हे केडीईचे उद्दिष्ट होते. त्याची पहिली आवृत्ती जुलै १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली.

येथेच सुलभता आणि स्वातंत्र्य यांच्यातील तणाव प्रथम ठळकपणे दिसला. केडीई ज्या क्यूटी या साधनसंचावर उभारले होते, त्याचा तेव्हाचा परवाना मुक्त आज्ञावलीच्या निकषांत बसत नव्हता. परिणामी ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम या पर्यायी प्रकल्पाची घोषणा केली. मार्च १९९९ मध्ये ग्नोमची पहिली आवृत्ती आली. सप्टेंबर २००० मध्ये क्यूटीलाही ग्नू परवाना लागू झाला आणि मूळ वाद मिटला, तथापि तोवर दोन्ही प्रकल्पांनी मूळ धरले होते. सामान्य वापरकर्त्याच्या दृष्टीने पाहता, एकसारखेपणासाठी सुरू झालेल्या प्रयत्नांतून दोन वेगवेगळे पडदे निर्माण झाले. त्यांच्यात किमान सुसंवाद राहावा यासाठी २००० मध्ये फ्रीडेस्कटॉप हा समन्वयाचा उपक्रम सुरू झाला.

याच सुमारास स्थापनेचा अडसरही कमी होऊ लागला. १९९९ मधील काल्डेरा ओपनलिनक्सच्या आवृत्तीत स्थापनेची सर्व प्रक्रिया चित्रमय पडद्यावर होत असे आणि धारिका उतरत असताना वापरकर्त्याला खेळण्यासाठी एक खेळही दिलेला होता. वापरकर्त्याची प्रतीक्षादेखील विचारात घेतली गेली, हे यातील विशेष होय. २००० मध्ये जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स हे वितरण सिद्ध केले. ते कठीण चकतीला हात न लावता थेट सीडीवरून चालत असे. आपल्या संगणकातील काहीही न बिघडविता नवी प्रणाली पाहून घेण्याची सोय यामुळे झाली आणि नवख्याच्या मनातील भीतीचे एक मोठे कारण दूर झाले. भारतात पीसीक्वेस्ट या मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या. दूरध्वनीवरून चालणाऱ्या संथ आंतरजालाच्या त्या काळात अनेक भारतीय वाचकांची या प्रणालीशी पहिली ओळख अशा सीडीमुळेच झाली.

३. वापरकर्त्याचे निरीक्षण (२००१ ते २००५)

आतापर्यंतचे बदल घडविणाऱ्यांनी वापरकर्त्याच्या गरजा अंदाजाने ठरविल्या होत्या. प्रत्यक्ष निरीक्षणाचा आरंभ २००१ मध्ये झाला. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने आपल्या संगणकांसाठी ग्नोम स्वीकारण्याचे ठरविले होते. त्यापूर्वी तिने १२ व्यक्तींना ग्नोमवर नेमून दिलेली साधी कामे करावयास सांगून त्यांच्या अडचणी नोंदविल्या. मेनूतील आज्ञावल्यांची नावे पाहून त्यांचा उपयोग कळत नाही, रचनाकारांना परिचित असलेले शब्द सामान्य माणसाला निरर्थक वाटतात, एकाच घड्याळाचे अनेक प्रकार समोर ठेवल्याने निवड करता येत नाही, अशा स्वरूपाच्या बाबी या अभ्यासातून पुढे आल्या. व्यक्तींची संख्या अल्प असली तरी या अभ्यासाचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. अडखळणारा वापरकर्ता अज्ञानी नसून रचना सदोष आहे, ही दृष्टी मुक्तस्रोत समुदायात यामुळे रुजू लागली.

तिचा परिणाम जून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीत दिसतो. पडद्यावरील शब्दरचना, कळींचा क्रम आणि संवादचौकटींची मांडणी यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे त्याच वर्षी प्रसिद्ध करण्यात आली. अनेक अनावश्यक पर्याय काढून टाकण्यात आले. ग्नोमचे एक प्रमुख रचनाकार हॅव्हॉक पेनिंग्टन यांनी याच काळात असे प्रतिपादन केले की, प्रत्येक वाढीव पर्यायाची किंमत मोजावी लागते. पर्याय वाढले की तपासणी अवघड होते, दोष लपून राहतात आणि नवखा वापरकर्ता भांबावतो.

या धोरणाला जाणकार वापरकर्त्यांकडून तीव्र विरोध झाला. डिसेंबर २००५ मध्ये खुद्द टोरवाल्डस यांनी ग्नोमवर जाहीर टीका करून केडीई वापरण्याचा सल्ला दिला. वापरकर्त्याला निर्बुद्ध समजून त्याच्या हातातील पर्याय काढून घेणे योग्य नव्हे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. या वादात दोन्ही बाजूंना तथ्य होते. ज्याला प्रणाली आपल्या सवयीप्रमाणे वळवून घ्यावयाची आहे त्याला पर्याय हेच स्वातंत्र्य वाटते, तर ज्याला केवळ आपले काम उरकावयाचे आहे त्याला पर्यायांची गर्दी हीच अडचण वाटते. एप्रिल २०११ मध्ये ग्नोमची तिसरी आवृत्ती आली तेव्हा हाच वाद पुन्हा उफाळला. जुनी मांडणी हवी असणाऱ्यांनी परवान्यातील अधिकाराचा वापर करून माटे आणि सिनॅमन हे स्वतंत्र पडदे उभे केले. सुलभतेच्या एका कल्पनेला दुसऱ्या कल्पनेने दिलेले हे उत्तर मुक्त परवान्यामुळेच शक्य झाले.

४. उबुंटू : सुलभतेचे संघटन (२००४ ते २०१७)

दक्षिण आफ्रिकेतील उद्योजक मार्क शटलवर्थ यांनी आपली थॉट ही कंपनी १९९९ मध्ये विकली होती. २००४ मध्ये त्यांनी कॅनॉनिकल या कंपनीमार्फत उबुंटू या वितरणास आर्थिक पाठबळ दिले. डेबियनवर आधारित असलेली त्याची पहिली आवृत्ती २० ऑक्टोबर २००४ रोजी प्रसिद्ध झाली. त्यात नवे तंत्रज्ञान फारसे नव्हते. संपूर्ण प्रणाली एकाच सीडीत देणे, प्रत्येक कामासाठी एकच निवडक आज्ञावली ठेवणे आणि दर सहा महिन्यांनी ठरल्या वेळी नवी आवृत्ती काढणे ही त्याची वैशिष्ट्ये होती. पर्यायांची निवड वापरकर्त्यावर न सोपविता ती आधीच करून देणे हे सुलभीकरणाचे मोठे पाऊल ठरले. जून २००६ च्या आवृत्तीत सीडीवरून प्रणाली चालवून पाहणे आणि पसंत पडल्यास तेथूनच ती स्थापित करणे शक्य झाले. मागणी करणाऱ्यास विनामूल्य सीडी टपालाने पाठविण्याची योजनाही उबुंटूने एप्रिल २०११ पर्यंत चालविली. ज्या देशांत संपूर्ण प्रणाली आंतरजालावरून उतरवून घेणे दुरापास्त होते, तेथे ही योजना विशेष मोलाची होती.

मात्र उबुंटूसमोरही जुनाच पेच उभा राहिला. संगीताच्या एमपी३ धारिका पेटंटच्या बंधनामुळे थेट वाजत नसत आणि काही चित्रपत्रे व बिनतारी जोडणीची उपकरणे त्यांच्या निर्मात्यांच्या बंदिस्त आज्ञावलीविना चालत नसत. एप्रिल २००७ च्या आवृत्तीत अशा घटकांची स्थापना सोपी करण्यात आली आणि त्याच वेळी ते मुक्त नाहीत याची सूचनाही वापरकर्त्याला देण्यात आली. हा मध्यममार्ग तत्त्वनिष्ठांना रुचला नाही. परंतु मुक्ततेबाबत सर्वाधिक काटेकोर मानल्या जाणाऱ्या डेबियननेही २०२२ मध्ये सदस्यांचे मतदान घेऊन उपकरणांसाठी लागणारी बंदिस्त आज्ञावली आपल्या अधिकृत स्थापना संचात समाविष्ट करण्याचा निर्णय घेतला आणि जून २०२३ च्या आवृत्तीत तो अमलात आणला. बिनतारी जोडणीच चालत नसेल तर सामान्य माणूस मुक्त प्रणालीच्या उंबरठ्यावरूनच परत फिरतो, हे वास्तव स्वीकारण्यास बराच काळ जावा लागला.

एकाच कंपनीवर विसंबण्याचे तोटेही उबुंटूच्या इतिहासात दिसून येतात. एप्रिल २०११ पासून युनिटी हा नवा पडदा उबुंटूवर मुख्य करण्यात आला. एप्रिल २०१७ मध्ये तो थांबविण्याचे जाहीर झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या आवृत्तीत ग्नोम परत आले. वापरकर्त्यांना साडेसहा वर्षांत दोनदा सवयी बदलाव्या लागल्या. सवय हा सुलभतेचा मोठा भाग असल्याने असे बदल त्यांच्यासाठी गैरसोयीचे ठरतात.

५. भाषा हा सुलभतेचा घटक : देवनागरी आणि मराठी

इंग्रजी न जाणणाऱ्या वापरकर्त्याच्या दृष्टीने खिडक्या व चिन्हे कितीही सुबक असली तरी अपुरीच असतात. योगायोगाने लिनक्सचा जन्म झाला त्याच १९९१ या वर्षी भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सुधारित प्रमाणक भारतीय मानक ब्यूरोने स्वीकारले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही प्रसिद्ध झाली. तथापि अक्षरांना क्रमांक दिल्याने लिपी पडद्यावर उमटत नाही. देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर टंकित होतो परंतु त्याच्या आधी दिसतो. रफार पुढील अक्षराच्या डोक्यावर जातो. मराठीपुरते बोलावयाचे तर ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या दोन शब्दांतील भेद दाखविता आलाच पाहिजे, अन्यथा अर्थच बदलतो. केवळ हिंदीच्या गरजा लक्षात घेऊन केलेली रचना मराठीला पुरत नाही.

ग्नोमच्या दुसऱ्या आवृत्तीसोबत आलेल्या पँगो या घटकाने अशी अक्षरजुळणी करण्याची व्यवस्था उपलब्ध करून दिली. मुंबईतील इंडिकट्रान्स गटाचा गार्गी टंक आणि रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेली लोहित टंकमालिका यांमुळे देवनागरी अक्षरे विनामूल्य उपलब्ध झाली. इंडलिनक्ससारख्या स्वयंसेवी उपक्रमांनी, तसेच पुण्यातील रेड हॅटच्या स्थानिकीकरण गटाने पडद्यावरील हजारो वाक्यांच्या भाषांतराचे काम पुढे नेले. यात पारिभाषिक शब्दांचा प्रश्न बिकट होता. ‘फाइल’ तशीच ठेवावी की ‘धारिका’ म्हणावे, ‘फोल्डर’साठी ‘संचयिका’ हा शब्द वाचकाला कळेल काय, असे प्रश्न प्रत्येक ओळीला उभे राहत. भाषांतरकारांमध्ये एकवाक्यता यावी यासाठी वारंवार येणाऱ्या शब्दांच्या समाईक सूची तयार करणारा फ्युएल हा उपक्रम २००८ मध्ये सुरू झाला. शब्द शुद्ध असूनही अनोळखी असेल तर तो सुलभतेला बाधक ठरतो, हा धडा येथेही मिळाला. या क्षेत्रात काम करणाऱ्यांमध्ये भाषांतरकार, टंकरचनाकार आणि तपासनीस यांचा वाटा मोठा होता. संगणकाच्या प्रचलित इतिहासात मात्र त्यांची नोंद क्वचितच आढळते.

६. संस्था, प्रशिक्षण आणि सातत्य

सुलभतेचा निर्णय प्रणालीपेक्षा तिच्याभोवतीच्या संस्थांवर कसा अवलंबून असतो, हे पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होते. जर्मनीतील म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये विंडोजऐवजी लिनक्स वापरण्याचा निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणकांवर हे स्थित्यंतर पूर्ण झाले. परंतु बाहेरील कार्यालयांशी दस्तऐवजांची देवाणघेवाण करताना येणाऱ्या अडचणी, कर्मचाऱ्यांच्या तक्रारी आणि बदललेले राजकीय नेतृत्व यांमुळे २०१७ मध्ये महापालिकेने पुन्हा विंडोजकडे वळण्याचे ठरविले.

केरळचे उदाहरण याउलट आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल या प्रकल्पाने पुढील काही वर्षांत शाळांसाठी ग्नू-लिनक्सवर आधारित प्रणाली स्वीकारली. शिक्षकांचे प्रशिक्षण, पाठ्यपुस्तके आणि माध्यमिक परीक्षेतील प्रात्यक्षिके या तिन्ही गोष्टी त्याच प्रणालीवर बेतल्याने विद्यार्थ्यांना ती परकी वाटली नाही. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे रूपांतर काइट या शासकीय कंपनीत झाले आणि कामाचे सातत्य टिकले. महाराष्ट्रात २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणकसाक्षरता खेड्यापाड्यांत पोहोचविण्याचे मोठे कार्य केले. त्याचा भर मुख्यत्वे विंडोजवर राहिल्याने येथील नवसाक्षरांच्या मनात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण दृढ झाले. दोन्ही राज्यांतील विद्यार्थी सारखेच नवखे होते. त्यांना काय सोपे वाटावे हे प्रथम हाती आलेल्या प्रणालीने आणि शिकविणाऱ्या शिक्षकाने ठरविले. केंद्र शासनाने प्रगत संगणन विकास केंद्रामार्फत बॉस हे भारतीय भाषांतील वितरण २००७ मध्ये आणले आणि मार्च २०१५ मध्ये मुक्तस्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरणही जाहीर केले. परंतु धोरणाला प्रशिक्षणाची जोड मिळाल्याखेरीज ते टेबलापर्यंत पोहोचत नाही.

२००८ मध्ये अँड्रॉइड भ्रमणध्वनी बाजारात आला आणि त्यानंतर लिनक्सचा गाभा कोट्यवधी सामान्य माणसांच्या हाती पोहोचला. मात्र त्या गाभ्याभोवतीच्या अनेक सेवा बंदिस्त असल्याने वापरकर्त्याला सुलभता मिळाली तरी मूळ अधिकारांपैकी फारच थोडे त्याच्या वाट्याला आले.

निष्कर्ष

१) मुक्त परवान्याने दिलेले स्वातंत्र्य सुलभीकरणाविना तज्ज्ञांपुरते मर्यादित राहते. याउलट अँड्रॉइडच्या उदाहरणावरून दिसते की, केवळ सुलभता आली म्हणून स्वातंत्र्य येतेच असे नाही.
२) प्रत्यक्ष वापरकर्त्याचे निरीक्षण हा सुलभीकरणाच्या इतिहासातील निर्णायक टप्पा होता.
३) भाषांतर, टंकरचना, तपासणी आणि अध्यापन ही कामे आज्ञावली लिहिण्याइतकीच मूलभूत आहेत.
४) सुलभता एकदा साध्य झाली म्हणजे कायम राहते असे नाही. प्रशिक्षण आणि संस्थात्मक सातत्य खंडित झाल्यास ती लोप पावते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य संपुष्टात आले. नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे, परंतु सुस्थितीत असलेले अनेक संगणक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत आहेत. ते भंगारात काढावयाचे की त्यांवर मुक्त प्रणाली बसवून ते वापरात ठेवावयाचे, हा प्रश्न प्रत्येक महाविद्यालयापुढे आहे. स्थापना आता अवघड राहिलेली नाही आणि मराठी लिपीही अडत नाही. उणीव आहे ती शिकविणाऱ्या माणसांची. ती भरून काढण्याचे काम महाविद्यालयीन अध्यापकच करू शकतात.